टोमॅटोचा गुलाब, हलव्याचा काटा

टोमॅटोचा गुलाब करायला मी शिकले १९९५ सालच्या मार्चमध्ये, दादरच्या एका घरगुती क्लासात. स्वयंपाकघर दहा बाय आठचं आणि आम्ही बायका चौदा. मागच्या रांगेतून बाईंचे हात दिसायचे नाहीत, म्हणून टाचा उंचावून उभी राहायचे आणि ठाण्याला परतताना लोकलमध्ये पोटऱ्या दुखायच्या. फी साडेतीनशे रुपये. भिशीच्या पैशातून भरली आणि घरी सांगितलं तीनशे.

हौस म्हणून गेले नव्हते. ह्यांच्या कारखान्याला त्या जानेवारीत टाळं लागलं होतं. मुलं चौथीत आणि सातवीत. मला शिवणकाम येत नव्हतं, शिकवण्या घ्याव्यात इतकं गणितही नव्हतं. पण आमच्या वसाहतीत मुलांच्या वाढदिवसाला केक आणायची पद्धत रुळली होती, तेवढं मात्र दिसत होतं.

पहिला आठवडा नुसत्या सजावटीचा. घट्ट टोमॅटो घ्यायचा, बुडापासून सुरुवात करून साल एका सलग पट्टीत काढायची, मध्ये तुटू द्यायची नाही. मग ती पट्टी गुंडाळली की गुलाब. मुळ्याचं फूल मला जास्त आवडलं. मुळ्याला उभ्या चिरा देऊन तो बर्फाच्या पाण्यात टाकायचा आणि अर्धा तास विसरून जायचं. आतला गर पाणी पिऊन फुगतो, बाहेरची साल तेवढी ताणत नाही, म्हणून पाकळ्या आपोआप बाहेर वळतात. पातीच्या कांद्याच्याही अशाच कुरळ्या बटा होतात. फक्त मीठ लागू द्यायचं नाही, नाहीतर पाणी सुटून सगळं मलूल!

घरी येऊन मी उत्साहाने काकडीचे पंखे, गाजराची फुलं मांडली. सासूबाईंनी चष्मा पुसून ताट पाहिलं.

"अगं, हे खायचं की बघायचं?"

"सजावट आहे, आई."

"मग साल काढलेल्या टोमॅटोंचं काय केलंस?"

मी गप्प. त्या उठल्या आणि त्या नागड्या टोमॅटोंचं सार करून टाकलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोह्यांवरचं खोबरं-कोथिंबीर काय किंवा ताटातली लिंबाची फोड काय, दिसतेही छान आणि पोटातही जाते. जे उचलून बाजूला ठेवायचं, ते अन्नात मिसळायचं कशाला? तेव्हा राग आला होता. पण पुढे लग्नाच्या बुफेत टूथपिक खुपसलेली, रंगात बुडवलेली मुळ्याची बदकं पाहिली आणि मी त्यांच्या पक्षात गेले ती कायमची.

दुसरा आठवडा केकचा. इथे मात्र माझी खरी परीक्षा होती. एक भाग लोणी, दोन भाग आयसिंग शुगर, फेटून फेटून पांढरंशुभ्र करायचं. बटर पेपरचा कोन, टोकाला नोझल. चांदणीचं, पानाचं, पाकळीचं. कोन दाबायचा एका हाताने, आधार द्यायचा दुसऱ्याने आणि दाब सोडल्याशिवाय हात उचलायचा नाही. नाहीतर प्रत्येक फुलाला शेपूट येतं. माझ्या पहिल्या पन्नास फुलांना आलं.

मेमध्ये पहिली ऑर्डर मिळाली. बाहुलीचा केक. म्हणजे उपड्या वाडग्यासारखा केक, त्यात कमरेपर्यंत रोवलेली बाहुली आणि केक हाच तिचा घेरदार झगा. मी झालरी काढल्या भर दुपारी. शेजारच्या इमारतीचे तीन जिने चढून वर पोचेपर्यंत झगा घसरून बाहुलीच्या पायाशी जमा झाला होता! वाढदिवसाची मुलगी रडली. तिच्या आईने तरीही पैसे पुढे केले; मी निम्मे घेतले आणि ते घ्यायचीही लाज वाटली. घरी येऊन नोझलची डबी माळ्यावर टाकायला निघाले.

"लोणी ते," सासूबाई आतून म्हणाल्या, "मे महिन्यात उभं राहील का? आम्ही हलवा कधी करायचो, ठाऊक आहे ना?"

संक्रांतीचा काटेरी हलवा ज्यांनी घरी केलाय त्यांना ठाऊक असेल. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, वरून चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. असं तासन्‌तास, दिवसच्या दिवस. तेही पौषातल्या पहाटे, कारण हवेत गारवा असला तरच काटा फुलतो. नव्या सुनेच्या आणि बाळाच्या अंगावर जे हलव्याचे दागिने चढतात, ते असे. आमच्या घरात साखरेचं नक्षीकाम पन्नास वर्षं चाललं होतं आणि मी ते शिकायला दादरला जाऊन आले होते.

पुढचा केक आम्ही पहाटे चारला सजवला. खिडक्या उघड्या, भांडं बर्फाच्या पाण्यात. करंजीला मुरड घालणाऱ्या त्या बोटांनी तिसऱ्याच प्रयत्नात बिनशेपटीचं फूल काढलं. दोन वर्षं मुलांची फी केकमधून निघाली. कारखाना उघडलाच नाही. ह्यांना नंतर एका गोदामात नोकरी लागली.

एक कबुली. उन्हात टिकावं म्हणून आम्ही पुढे लोण्यात निम्मं वनस्पती तूप घालत होतो. तेव्हा सगळेच घालायचे. त्यातल्या ट्रान्स फॅटने हृदयाला धोका असतो, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. आपल्या देशात २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली. आता बाजारात फेटायचं क्रीम मिळतं, फाँडंट मिळतो, माझी सून फोनवर बघून चार थरांचा केक करते.

सासूबाई २००३ मध्ये गेल्या. मागच्या संक्रांतीला नातवाचं बोरनहाण होतं. दागिने विकत आणूया, असं सगळे म्हणत होते. मी त्यांची पितळी परात काढली, कल्हई करून आणली आणि पहाटे गॅस अगदी बारीक करून बसले. चार दिवसांत निम्म्या दाण्यांवर काटा आला. त्यांचा नातवाला हार आणि मुकुट झाला. उरलेले गुळगुळीतच राहिले. त्यांचं काय करायचं, असं सासूबाईंना विचारलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, "खा."