खडकीहून थेट विलायतेला

23 जुलै 1927 ला भारत-इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश धाडणारं केंद्र खडकीला, घेणारं दौंडला. ‘इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी’च्या या सेवेत खेड्याला स्थान नव्हतं. 1971 मध्ये नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं, तेही परदेशी संपर्कासाठी. 1975-76 च्या ‘साइट’ प्रयोगानं उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत दूरदर्शन नेलं; त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.

आता उपग्रहाद्वारे इंटरनेट येऊ घातलंय आणि भांडण त्यासाठीच्या रेडिओलहरींवरून (स्पेक्ट्रम) आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यानं उपग्रहसेवेला लिलावाविना लहरी देऊ केल्या. मोबाइल कंपनी जिओचा आग्रह लिलावाचा होता. मे 2025 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं महसुलाच्या 4 टक्के आकार सुचवला, शिवाय शहरी ग्राहकामागे वर्षाला 500 रुपये. ग्रामीण ग्राहक त्या जादा आकारातून वगळले, हे योग्यच झालं.

नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनं उपग्रह इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे जिल्हे अग्रक्रमाला आहेत. आश्रमशाळेच्या आणि आरोग्य उपकेंद्राच्या छपरावरच्या अँटेनाचं मासिक बिल कोण भरणार, हे सरकारनं करारातच लिहून द्यावं.