सकाळची धडधड आणि खान्देशचा उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. रात्रीही भिंती तापलेल्याच. धुळ्या-जळगावात कुणी गच्चीवर झोपतं, कुणी कूलरसमोर, तरी घाम जातच राहतो. सकाळी उठून उभं राहिलं की छातीत धडधडतं आणि मनात पहिली शंका हार्ट अटॅकची येते. उन्हाळ्यात तरी आधी पाण्याकडे पाहावं, असं मला वाटतं.

जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन वाढलेलं असतं. उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. मानेतल्या रक्तवाहिनीतल्या संवेदी पेशी घटलेला दाब टिपतात, मेंदू इशारा देतो आणि ठोके मिनिटाला 10 ते 20 ने वाढतात. धडधाकट माणसातही हे घडतं. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं असेल, तर रक्ताचं प्रमाणच घटतं आणि हृदयाला आणखी पळावं लागतं. त्यात उपाशीपोटी कडक चहा, नाहीतर तंबाखूची मिश्री. रावेर-यावलकडे रात्रीच्या लाइटवर केळीला पाणी भरणाऱ्याची तर झोपही अर्धवट.

म्हणून चहाआधी नाडी मोजा. अंथरुणात पडूनच, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं टेकवा. अंगठ्याने मोजू नका, त्याचीच नाडी हाताला लागते. 30 सेकंद मोजून दुप्पट करा. विश्रांतीत 60 ते 100 ठोके ठीक. मग उभं राहून 10 मिनिटांत दोन-तीनदा मोजा. वाढ 30 किंवा त्याहून जास्त राहिली आणि पुरेसं पाणी, झोप मिळूनही रोज तसंच होत असेल, तर आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

उठताना आधी खाटेच्या काठावर दोन मिनिटं बसा, पाणी प्या. खूप घाम गेला असेल तर ओआरएस घ्या. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी-मिठाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

बायकांची धडधड ‘टेन्शन’ म्हणून उडवून लावतात, याची मला फार चीड येते. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, तर ऑक्सिजन पुरवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागू शकतात. थायरॉईड हार्मोन वाढलं तरी तेच. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेलचीही तपासणी हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने घाम आणि थरथर असेल तर लगेच साखर पाहावी.

बसल्या जागी अचानक ठोके 150 च्या वर गेले आणि तसेच अचानक थांबले, किंवा नाडी वेडीवाकडी लागली, तर मामला हृदयाच्या विद्युतप्रवाहाचा असू शकतो. असा झटका चालू असतानाच ईसीजी काढला तर निदान सोपं होतं. नंतर पट्टी अगदी नॉर्मल येऊ शकते.

धडधडीसोबत छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर पाणी पिऊन वाट पाहू नका. 108 ला फोन करा.