भेटीचं कॅलेंडर: आधी तिची भिंत पाहा, मग फोटो निवडा



आज बोलूया फोटोंच्या कॅलेंडरविषयी. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत किंवा छापखान्यात आपण दिलेले फोटो घालून बारा महिन्यांचं कॅलेंडर करून मिळतं. सासरी गेलेल्या लेकीला, बाळंतिणीला, बदली झालेल्या नर्सताईंना, गावी एकट्या राहणाऱ्या आईला अशी भेट देता येते. भेट दिलेलं भांडं फडताळात जातं, कॅलेंडर मात्र वर्षभर डोळ्यांसमोर राहतं. म्हणून ते आपल्या हौसेनं नाही, तर जिच्या घरी लागणार आहे तिच्या सोयीनं निवडायचं.

पहिला प्रश्न: ती कॅलेंडरचं काय करते? जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं. तेव्हापासून आपल्या घरांत कॅलेंडर म्हणजे नुसत्या तारखा राहिल्या नाहीत. दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याचा दिवस, गाय भरवल्याची तारीख, गटाचा हप्ता, सगळं त्यावरच लिहिलं जातं. तेव्हा फोटो अर्ध्या पानापेक्षा मोठा नको, आणि तारखांचे चौकोन पेनानं लिहिता येईल एवढे हवेत. कागदही चकचकीत नको, त्यावर शाई पसरते. दुकानात ‘मॅट’ कागद मागा. लॅमिनेशन तर नकोच, त्यावर साधं पेन उमटत नाही. आईची नजर कमी झाली असेल तर आकडे मोठे आणि काळे ठसठशीत घ्या. फिकट रंगातले आकडे चुलीजवळच्या अंधारात दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट फोटोची. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला फोटो आकारानं लहान झालेला असतो. मोबाइलवर छान दिसतो, पण पानभर छापला की चेहरे फाटल्यासारखे दिसतात. ज्याच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो आहे, त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की तो लहान होत नाही. जुना कागदी फोटो असेल तर त्याचा मोबाइलनं फोटो काढू नका, दुकानात स्कॅन करून घ्या. छापल्यावर कडा कापल्या जातात, वर तार किंवा पत्री बसते. म्हणून कोणाचंही डोकं कडेला टेकलेलं नको.

तिसरी गोष्ट तिथींची. स्टुडिओवाले बरेचदा तयार नमुना वापरतात, आणि तो कधी उत्तरेकडचा असतो. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तिकडे फाल्गुनात लिहिलेली दिसते. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. पण वटसावित्रीचा दिवसच बदलतो. तिकडे बऱ्याच ठिकाणी हे व्रत अमावास्येला असतं, आपली वटपौर्णिमा त्यानंतर पंधरा दिवसांनी. गेल्या वर्षीच्या तारखाही जशाच्या तशा चालत नाहीत. २०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. पुढच्या वर्षी ती ७ सप्टेंबरला आली. म्हणून छापण्याआधी त्याच वर्षाचं मराठी पंचांग शेजारी ठेवून सण ताडून पाहा.

आता तारखांवरच्या खास खुणा. बाळंतिणीसाठी कॅलेंडर असेल तर बाळाच्या दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या लसींची आठवण छापून घ्या. नेमका दिवस आशाताईंना विचारून ती पेनानं लिहील. वाढदिवस छापताना घरातल्या बायांचेही छापा. मुलांचे लक्षात असतात, आईचा कोणी विचारत नाही. आणि आधार कार्डावर १ जून आहे म्हणून तोच धरू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं घातलेली ही तारीख आपल्याकडे कितीतरी जणींच्या नावापुढे आहे. तिला विचारा. ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशीची’ असं ती म्हणाली, तर त्या वर्षी तो दिवस ज्या तारखेला येतो तिथे तिचं नाव छापा.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे फोटो कोणाचे. लेकीच्या सासरी बाराही पानांवर माहेरचीच माणसं दिसली, तर ते कॅलेंडर तिला आतल्या खोलीत लावावं लागेल. सासूबाई, नणंद, दीर यांचेही फोटो मागवून घ्या. जिचा नवरा गेला आहे, तिला लग्नातला फोटो रोज बघायला हवा की नको, हे तीच सांगेल. आपण परस्पर ठरवू नये. पानाचं पुढे काय होतं याचाही विचार करा. महिना संपला की पान फाटतं, वर्ष संपलं की त्याचं मुलांच्या वहीला कव्हर होतं नाहीतर ते रद्दीत जातं. गेलेल्या माणसाचा फोटो किंवा देवाचं चित्र तिथे गेलेलं अनेकींना खपत नाही. असा फोटो वेगळा फ्रेम करून द्या, किंवा पान न फाडता उलटता येईल असं तारेचं कॅलेंडर घ्या.

फोटोतल्या प्रत्येकीला ‘छापू का?’ असं आधी विचारा. गटाचा फोटो असला तरी विचारा. लहान मुलांच्या फोटोवर शाळेचं नाव, घराचा पत्ता नको. काम झाल्यावर आपले फोटो दुकानाच्या संगणकातून काढून टाकायला सांगा आणि समोर उभं राहून काढून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, फोटो आपले आहेत.

पैसे पूर्ण देण्याआधी एक नमुना कागदावर छापून मागा. नावं मोठ्यानं वाचा, कारण ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ यांतला फरक जिचं नाव आहे तिलाच आधी दिसतो. डिसेंबरात छापखान्यांत गर्दी असते, म्हणून दिवाळी झाली की लगेच काम द्या. उशीर झालाच तर कॅलेंडर जानेवारीपासूनच हवं असं नाही. पाडव्यापासून, किंवा बाळाच्या जन्माच्या महिन्यापासूनही बारा महिने छापून मिळतात.

गटाच्या पुढच्या बैठकीत कोणाला भेट द्यायची हे ठरलं, की एकीनं तिच्या घरी चक्कर मारून यावं. खिळा कुठे आहे, तिथे उजेड किती आहे आणि जुन्या कॅलेंडरवर ती काय काय लिहिते, एवढं पाहून आलात की निवड निम्मी झालीच.