एका पुस्तकातली पाहुणी, दुसऱ्याची नायिका

शिवणकाम करणाऱ्या बाईला मालिका परवडते, पुस्तक परवडत नाही. मालिका कानांनी पाहता येते. ब्लाउजला हूक लावताना, साडीला फॉल लावताना मान खालीच असते. कोण आलं, कोण रडलं, कुणाचं बिंग फुटलं हे सगळं आवाजावरून कळतं. पुस्तकाला मात्र डोळे लागतात आणि हातही अडकतात. मालिका संपल्यावर माणसं पुस्तकाकडे का वळत नाहीत, याचं कारण आळसात शोधणाऱ्यांनी एकदा आमच्यासारख्यांचे हात बघावेत.

आमच्या विट्यातल्या घरात 'उंच माझा झोका' न चुकता लागायची. झी मराठीवर २०१२ मध्ये सुरू झालेली, रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची मालिका. छोटी रमा तेजश्री वालावलकर, मोठी स्पृहा जोशी. सासूबाईंचा जीव छोटीवर. मोठी रमा आली तेव्हा त्या काही दिवस फुगूनच होत्या, "पोरीला एवढ्यात कशाला मोठी केली?" म्हणून. त्यात रमाबाईंचं माहेर देवराष्ट्र्याचं, कुर्लेकरांचं. देवराष्ट्रे आमच्याच जिल्ह्यातलं. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून ते सगळ्यांना माहीत. रमाही तिथलीच, हे आम्हाला टीव्हीनं सांगितलं. मग काय, ती आमच्याच गल्लीतली झाली.

२०१३ मध्ये मालिका संपली. रोजची मालिका संपली की रिकामं होतं ते अर्ध्या तासापेक्षा जास्त. संध्याकाळची कामं त्या वेळेवर टांगलेली असतात : भाकरी आधी, जेवण नंतर, मधे मालिका. वाहिनी त्या जागी लगेच दुसरी आणून बसवते, पण नव्या घरातली माणसं ओळखीची व्हायला महिना जातो. सासूबाईंनी तर रिमोटच उशीखाली ठेवला.

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एक प्राथमिक शिक्षिका म्हणाल्या, "अहो, रमाबाईंनी स्वतःच लिहिलंय की सगळं." 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे ते पुस्तक. १९१० मध्ये आलेलं, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेचं. शिक्षिकाबाईंनीच ते वाचनालयातून आणून दिलं. हातांचा प्रश्न लेकीनं सोडवला. ती तेव्हा शाळेत होती; ती मोठ्यानं वाचायची, मी तुरपाई करायची, सासूबाई लसूण सोलत ऐकायच्या. चातुर्मासात पोथीचा रोज एक अध्याय लावतात, तसंच. आपल्याकडे पुस्तक असंच घरात येत होतं की. एकट्यानं, मनातल्या मनात वाचायची सवय फार जुनी नाही.

पहिली ठेच वेगाची. मालिकेत एक निरोप पोचायला आठवडा लागतो. पुस्तकात रमाबाई लग्न सांगतात आणि लगेच पुढे जातात. लग्न १८७३ चं. रमा अकरा वर्षांची, नवरा न्यायमूर्ती रानडे एकतीस. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी गेलेली. विधवाविवाहाची बाजू मांडणारा मुलगा आता विधवेशीच लग्न करील, या धास्तीनं वडिलांनी घाईनं हे लग्न लावलं. पडद्यावर ही गोष्ट गोड वाटली होती. कागदावर अकरा आणि एकतीस हे आकडे आले आणि लेक वाचायची थांबली. तिचं वय अकराच्याच आसपास होतं. सासूबाई म्हणाल्या, "वाच पुढं." लग्नाच्याच रात्री नवऱ्यानं तिला शिकवायला सुरुवात केली, हे ऐकल्यावर लेकीचा राग थोडा उतरला, पण सगळा नाही. मला ते बरंच वाटलं.

मग पंचहौद मिशनचा चहा. १८९० मध्ये पुण्यातली काही बडी मंडळी या ख्रिस्ती मिशनात व्याख्यानाला गेली, चहा पुढं आला, त्यावरून पुण्यात वादळ उठलं. रानडे त्यांत होते, लोकमान्य टिळकही होते. पुढं १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते रुचलं नव्हतं, आणि नवऱ्याला देव मानणाऱ्या या बाईनं ते लिहून ठेवलं. इथं पुस्तक मालिकेच्या पुढं गेलं असं मी म्हणेन. पडद्यावर नायिकेला नवऱ्याचं पटलं नाही की पार्श्वसंगीत वाजतं. इथं ती दुखावते, सांगते आणि संसार पुढं चालू राहतो.

पुस्तक १९०१ मध्ये, रानड्यांच्या निधनापाशी थांबतं. सेवासदन संस्थेचं काम करणाऱ्या रमाबाई त्यानंतरच्या. म्हणजे पुन्हा तीच पंचाईत : आता पुढं काय?

उत्तर त्याच पुस्तकात होतं. १८८२ मध्ये पुण्यात एक विदुषी येते, आर्य महिला समाज काढते आणि रमाबाई तिच्या सभांना जाऊ लागतात. या पंडिता रमाबाई. आमच्या पुस्तकात त्या पाहुण्या. पण त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथं शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. तिनं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, आनंदीबाई झाली, आणि 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिलं. कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी या लग्नापायी बहिष्कार घातला, तो त्यात घरातल्या आवाजात ऐकू येतो. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले; तिचं 'माझी कहाणी' वेगळं. तीही विधवा, कर्व्यांच्या आश्रमाच्या कामाला वाहून घेतलेली, आणि पुढं थेट अमेरिकेला जाऊन आलेली. आणि १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला कोण हजर? पुन्हा पंडिता रमाबाईच, दोघी नात्यातल्या.

मालिकेचं व्यसन म्हणजे तरी काय? ओळखीचं माणूस अवचित दारात उभं राहणं. एका बाईच्या पुस्तकात दोन ओळींपुरती आलेली बाई दुसऱ्या पुस्तकात आख्खं घर चालवताना भेटली की लेक ओरडायची, "आजी, ही तीच!" ग्रंथपालांकडे 'चांगलं पुस्तक द्या' असं मागून असं काही हाती लागत नाही. आवडलेल्या पुस्तकातली दुय्यम बाई कोण होती आणि तिनं काही लिहिलंय का, एवढं विचारावं.

या साखळीबाहेरचं, पण त्याच काळातलं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. खरं तर ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी इथूनच करावी. रमाबाईंचं लिहिणं जपून, मर्यादेनं. लक्ष्मीबाई ओसरीवर बसून बोलल्यासारख्या लिहितात. वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आलेलं धुऊन घेतल्याशिवाय घरात जायचं नाही. नवरा कवी, रेव्हरंड टिळक : प्रेमळ, शीघ्रकोपी, हातात पैसा न टिकणारा, न सांगता घरातून निघून जाणारा. १८९५ मध्ये तो ख्रिस्ती झाला. मग ताटातूट, आणि काही वर्षांनी पुन्हा एकत्र संसार; १९०० मध्ये तिनंही बाप्तिस्मा घेतला, पण नवरा म्हणतो म्हणून नव्हे, स्वतः विचार करून. इतकं सोसलेलं आणि तरी पानोपानी हसू. माझी तुरपाई कितीदा वाकडी गेली.

सासूबाईंनी लक्ष्मीबाईंना पूर्ण गुण दिले. टिळकांबद्दल त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. "कविता असेल चांगली," त्या म्हणायच्या, "पण हा मालिकेत असता तर मी पहिल्याच आठवड्यात टीव्ही बंद केला असता." आणि लेकीनं पुस्तक मिटलं की लगेच विचारायच्या, "आता कुठं गेला गं तो?"