फेसाखालची साखर

‘बीडला कॉफी शॉप?’ पुण्यातल्या ऑफिसात हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एसटी स्टँडवरचा हाफ चहा असतो. तर मंडळी, अपडेट व्हा! जालना रोड घ्या नाहीतर नगर रोड, आता बीडमध्येही काचेचा दरवाजा, मंद पिवळे दिवे आणि मेनूत लाटे-मोका-फ्रॅपे असले प्रकार आहेत. कॉलेजची पोरं, बँकेतली मंडळी, दोन डॉक्टरांच्या मधल्या वेळेत टेकलेले एमआर... सगळ्यांचा एकच अड्डा. आणि माझ्यासारखे सुट्टीत घरी आलेले, ज्यांना लॅपटॉप उघडायला एक कोपरा हवा असतो.

प्रश्न कॉफी प्यायची की नाही हा नाहीच. प्यायची! प्रश्न आहे तिच्यासोबत पोटात काय काय जातं हा. माझ्या घरात अण्णांना शुगर आहे, आजीलाही होती. म्हणजे रांगेत पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीतून देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज पुढे आला. तेव्हा कॅलरी मोजणं म्हणजे मला जीन्सचा साइज सांभाळण्यापुरतं उरलेलं नाही.

मोठ्या चेनच्या कॅफेत एक सोय असते. १० किंवा त्याहून जास्त शाखा असणाऱ्यांना मेनूवर पदार्थासमोर कॅलरी छापणं २०२२ पासून बंधनकारक आहे. एकाच शाखेच्या गावच्या कॅफेला हा नियम लागत नाही. म्हणजे हिशोब आपला आपण करायचा. तो काही सीएच्या परीक्षेइतका अवघड नाही.

कॉफीच्या स्वतःच्या अशा कॅलरी जवळपास नसतातच. एक कप काळी कॉफी म्हणजे पाचच्या आत खेळ खल्लास. बाकी सगळं येतं ते दुधातून, साखरेतून आणि वरच्या नटण्यामुरडण्यातून. १०० मिली गाईच्या दुधात साधारण ७० कॅलरी, म्हशीच्या दुधात शंभराच्या वर. पिशवीतलं टोन्ड दूध असेल तर स्निग्धांश ३ टक्के, फुल क्रीम असेल तर ६. म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारा, ‘दादा, दूध कोणतं?’ तो आधी चमकतो, मग सांगतो. कपाचा साइज एकच असेल तर कॅपुचिनो हलकी पडते, कारण तिच्यात फेस जास्त आणि दूध कमी. फेस म्हणजे शेवटी हवाच की! लाटेत तो सगळा कप दुधाचा.

आता आपली लाडकी कोल्ड कॉफी. उंच ग्लास, आतून चॉकलेटच्या रेघा, वर आइस्क्रीमचा गोळा. २०० मिली टोन्ड दुधाच्या १२०, चार चमचे साखरेच्या ८०, आइस्क्रीमच्या १३०, चॉकलेट सिरपच्या शंभरेक. झाल्या ४३०! ज्वारीच्या दोन भाकरी खाल्ल्या तर जवळपास एवढंच होतं. फरक इतकाच की दोन भाकरी खाल्ल्यावर पोट ‘बास’ म्हणतं. कोल्ड कॉफीवर ते ‘सोबत फ्राइज मागवू का?’ असं विचारतं.

साखरेचा एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम आणि २० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, निम्म्यावर आणलीत तर आणखी बरं. २००० कॅलरींच्या हिशोबात हे होतात १० चमचे, आणि निम्मे म्हणजे ५. वरच्या ग्लासात तर सिरप न धरताच चार संपले. ब्राउन शुगरच्या पुडीनं काही साधत नाही, रंग तेवढा बदलतो. ‘गुळाचा चहा’ अशा पाट्यांवरही फार भाळू नका. गुळाची चव मस्तच, पण कॅलरी साखरेपेक्षा थोड्याच कमी. आणि मशीनमधली प्रिमिक्स कॉफी असेल तर ‘साखर कमी’ सांगून उपयोग नाही, ती बहुतेक वेळा पावडरीतच मिसळलेली असते. (ऑफिसच्या पँट्रीतल्या मशीनचं पाकीट एकदा उलटून वाचाच.)

गोड कमी प्या असं बीडमध्ये बोलताना मात्र जरा अडखळायला होतं. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. पहाटेच्या अंधारात फडात उतरण्याआधी जो दाट गोड चहा पोटात जातो, तो दुपारपर्यंतचं इंधन असतो. त्या चहाला नावं ठेवायचा अधिकार माझा नाही. मी दिवसभर माउस हलवते. तोडलेल्या उसाची साखर फिरून माझ्या फ्रॅपेत येते, आणि ती जाळायला माझ्याकडे लिफ्टऐवजी जिना एवढाच काय तो फड!

पण बीडकडे एक सॉलिड पर्याय आहे. सीताफळ. बालाघाटच्या डोंगरातल्या आमच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. १०० ग्रॅम गरात शंभरेक कॅलरी आणि गोडी अशी की वरून साखर घालणं हा त्या फळाचा अपमान. मी घरी करते ते असं: १०० मिली थंड टोन्ड दूध, दोन मोठे चमचे बिया काढलेला गर, बर्फ, आणि वरून कडक काळी कॉफी. सगळं मिळून शंभरच्या आसपास. दूध थंडच हवं आणि कॉफीही गार करूनच ओतायची. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो, मग सगळी मजा गेली.

या दिवाळीत अण्णांना त्यातलं दोन घोट चाखायला दिलं, त्यांच्या वाटणीचं फळ त्या दिवशी वजा करून. त्यांनी ग्लास उजेडात धरून नीट न्याहाळला, घोट घेतला, आणि म्हणाले, ‘चांगलंय गं. पण यात कॉफी कामून घातली?’