अर्ध्या तासासाठी एक माणूस

ह्यूमन लायब्ररीच्या नियमांत एक नियम असा आहे: पुस्तक ज्या शारीरिक आणि मानसिक अवस्थेत नेलं, त्याच अवस्थेत परत आणून द्यावं. पानं फाडू नका, खुणा करू नका, हे आपल्या गावच्या वाचनालयातही भिंतीवर लिहिलेलं असतं. मानसिक अवस्थेची काळजी मात्र इथंच, कारण इथलं पुस्तक म्हणजे समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस. कुणाला नैराश्यानं दोन वर्षं घराबाहेर पडू दिलेलं नाही, कुणाच्या कानात आवाज येत होते, कुणाची दारू सुटलीय. वाचकानं नाव नोंदवायचं, यादीतून एक शीर्षक निवडायचं आणि साधारण अर्धा तास त्या माणसाजवळ बसायचं. त्याचं ऐकायचं, आणि एरवी जे तोंडावर विचारायची छाती होत नाही ते विचारायचं.

संपादकांचा प्रश्न सरळ होता: मानसिक आजारांबद्दल लोकांनी मोकळं बोलावं म्हणून हे बीड जिल्ह्यात करता येईल का? मी मनातल्या मनात ‘नाही’ म्हणून टाकलं होतं. शहरातलं, कॅफेतलं खूळ वाटलं. नियम, यादी, ग्रंथपालाचं काम असं एकेक वाचत गेल्यावर लक्षात आलं की ही फार विचार करून बांधलेली गोष्ट आहे. फक्त ती अनोळखी माणसांसाठी बांधलेली आहे. आणि बीडमध्ये अनोळखी माणूस आणायचा कुठून?

इतिहास थोडक्यात उरकतो. 1993 मध्ये कोपनहेगनमध्ये रॉनी आबेरगेल या तरुणाच्या मित्रावर चाकूहल्ला झाला. मित्र वाचला. रॉनीनं आणि त्याच्या सोबत्यांनी हिंसेविरुद्ध तरुणांची संघटना काढली. 2000 साली रोस्किल्डच्या संगीत महोत्सवात या पोरांनी माणसंच वाचायला ठेवली: पन्नासहून जास्त शीर्षकं, चार दिवस, रोज आठ तास. हजारावर वाचक आले. पुढं युरोप परिषदेनं संयोजकांसाठी हस्तपुस्तिका काढली. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात लिस्मोर इथं पहिली कायमस्वरूपी लायब्ररी सुरू झाली. लिस्मोर काही महानगर नाही, शेतीवाडीच्या मुलखातलं गाव आहे. बीडचा विचार करताना ही एक गोष्ट दिलासा देते. आपल्याकडे 2013 मध्ये इंदूरच्या आयआयटीत, आणि 2017 पासून हैदराबाद, मुंबई, दिल्ली अशा शहरांत हे प्रयोग झाले.

मला खरं गुंतवून ठेवलं ते यादीनं. त्या हस्तपुस्तिकेच्या पद्धतीत प्रत्येक शीर्षकाखाली त्या माणसाबद्दलचे लोकांचे पूर्वग्रह छापतात. त्याचे गुण नाहीत, पुरस्कार नाहीत. लोक त्याच्या पाठीमागं जे बोलतात, ते. पोलीस असेल तर त्याच्या नावाखाली ‘मारकुटा’, ‘सत्तेचा माज’ वगैरे. मी सहज बीडच्या एका काल्पनिक शीर्षकाची पाटी लिहून पाहिली. शीर्षक: ‘गोळ्या चालू आहेत’. खाली: डोक्यावर परिणाम झालेला. बाहेरची बाधा. कामाचा नाही. कधी अंगावर येईल सांगता येत नाही. पोरगी देऊ नये. लिहिताना हात अडखळला, पण यातलं काहीच मला शोधावं लागलं नाही. वाचक ही पाटी वाचून येतो, म्हणजे त्याच्या मनातला सगळ्यात वाईट प्रश्न आधीच टेबलावर मांडलेला असतो. तो विचारायला त्याला लाजायचं कारण उरत नाही, आणि पुस्तकालाही ‘हा माझ्याबद्दल काय विचार करत असेल’ हे ओझं उरत नाही.

दुसरी गोष्ट नकाराची. पुस्तक एखाद्या प्रश्नाला उत्तर देणार नाही म्हणू शकतं. वाचक उर्मट निघाला तर मधेच मिटू शकतं. यासाठी ग्रंथपाल असतो. तो वेळ सांभाळतो आणि टेबलांवर नजर ठेवतो. कार्यक्रमाआधी पुस्तकांची तयारी करून घेणं आणि संपल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून कुणाला काय लागलं ते काढून घेणं, हेही या पद्धतीतलं काम आहे. मानसिक आजारावरच्या कार्यक्रमात हे काम सगळ्यात अवघड, आणि बातमीत त्याचा उल्लेख कधीच नसतो. जखम अजून ओली आहे अशा माणसाला खुर्चीत बसवायचं नाही, त्याचा उत्साह कितीही असला तरी. हे ‘नाही’ म्हणणारा माणूस मिळाला तरच पुढचं बोलणं.

दुभाष्यासाठीही या पद्धतीत एक नाव आहे: शब्दकोश. पुस्तकाची आणि वाचकाची भाषा वेगळी असेल तर मधे शब्दकोश बसतो. गेवराई, माजलगाव, वडवणीकडच्या बंजारा तांड्यांवर जायचं तर गोरमाटी बोलणारा एक शब्दकोश लागेलच.

मराठी माणसाला यातलं काही अगदीच परकं नाही. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण सुरू झालं ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी तिथं एक गोष्ट फार लवकर ओळखली: व्यसनातून बाहेर आलेला माणूस नव्यानं आलेल्याला जे सांगू शकतो, ते डॉक्टरला सांगता येत नाही. बरे झालेले कित्येक जण तिथं काम करताना दिसतात. धुळ्याकडचे जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅल्गरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवलं नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि 2004 साली आलेल्या ‘देवराई’ चित्रपटामागं उभे राहिले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या त्या चित्रपटात आजारी शेषइतकीच त्याची बहीणही महत्त्वाची आहे. सांभाळणाऱ्याची गोष्ट. या बहिणीकडे मी पुन्हा येणार आहे.

हे सगळं नुसतं छान वाटतं म्हणून करायचं का? गॉर्डन ऑलपोर्टनं 1954 मध्येच मांडलं होतं की पूर्वग्रह उपदेशानं कमी होत नाहीत, बरोबरीच्या नात्यानं झालेल्या भेटीनं होतात. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मानसिक आजारांवरच्या अशा 72 अभ्यासांची एकत्र मोजणी केली. प्रौढांमध्ये प्रत्यक्ष भेट ही व्याख्यान-माहितीपेक्षा जास्त परिणाम करते, आणि समोरासमोरची भेट व्हिडिओपेक्षा जास्त. 2022 मध्ये लॅन्सेटच्या आयोगानंही भेटीलाच झुकतं माप दिलं. पण कॉरिगनच्या मोजणीतली एक ओळ आपल्या संयोजकांना अडचणीची आहे: किशोरवयीन मुलांमध्ये उलट दिसलं, तिथं शिकवण्याचा परिणाम भेटीपेक्षा जास्त होता. आणि आपल्याकडे जागृतीचा कार्यक्रम म्हटलं की पहिली धाव शाळेकडे, कारण तिथं हॉल भरतो. हॉल भरला म्हणजे वाचक मिळाला असं नाही. वाचक पाहिजे तो पारावर बसलेला, दूध डेअरीवर रांगेत उभा असलेला, पन्नाशीचा.

आता बीड. सोय अगदी नाही असं नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच गावात डॉ. द्वारकादास लोहिया यांनी 1982 मध्ये सुरू केलेली मानवलोक आहे, गावागावांत पाय रोवलेली. 2015 मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन कोण ताणाखाली आहे ते पाहायचं, असं ठरलं. अंबाजोगाईच्या माणसाला ग्रंथ कागदावरच असावा असा आग्रहही नसावा. तिथल्याच संतकवी दासोपंतांची पासोडी चाळीस फुटांच्या कापडावर लिहिलेली आहे.

अडचण पहिली: आपल्याला स्टेज लागतं. हा गडांचा जिल्हा आहे. नारायणगड, गहिनीनाथगड, आणि हद्दीपलीकडे लागूनच भगवानगड. सप्ताह, मेळावे, एक बोलणार आणि हजारो ऐकणार. ऐकण्याची शिस्त इथं मोठी आहे, पण ती समोरून येणाऱ्या आवाजाची. चार टेबलं, आठ खुर्च्या आणि हळू आवाजातली बोलणी याला इथले संयोजक कार्यक्रम म्हणतील का? उद्घाटन हवं, दीपप्रज्वलन हवं, पालकमंत्र्यांची वेळ हवी. मग पुस्तकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. चौकात फ्लेक्स, त्यावर ‘नैराश्यावर मात करणारे’ असं लिहून त्याचा हसरा फोटो. दुसऱ्या दिवशी जिल्हा आवृत्तीत बातमी. ही थट्टा नाही, हे सगळं लोक प्रेमानंच करतील. आणि त्या प्रेमातच पूर्वग्रहाची पाटी, नकाराचा हक्क, अर्ध्या तासाची मर्यादा, सगळं वाहून जाईल. सत्कार झालेल्या माणसाला वाईट प्रश्न कोण विचारणार?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. कोपनहेगनचा वाचक पुस्तक परत करतो आणि ते पुस्तक शहरात विरघळून जातं. इथं ते संध्याकाळच्या एसटीनं त्याच गावात परत जाणार, जिथं वाचकाची मावशी दिलेली आहे. उपाय म्हणून अंबाजोगाईचं पुस्तक आष्टीत वाचावं आणि आष्टीचं अंबाजोगाईत, जिल्ह्याची दोन टोकं. पण मराठवाड्यात दोन माणसं समोरासमोर बसली की पहिला प्रश्न ‘पाव्हणं, गाव कोणतं?’, दुसरा आडनावाचा, आणि तिसऱ्या प्रश्नाला कुणाचा तरी मेव्हणा सापडतो. तेव्हा इथल्या नियमावलीत एक नियम वाढवावा लागेल: गाव आणि आडनाव विचारायचं नाही. ऑलपोर्टची बरोबरीची अटही आठवा. सतरंजीवर कोण, खुर्चीवर कोण, हे इथं जात आणि वय ठरवतं. खुर्च्या सारख्या उंचीच्या आणायच्या, आणि सगळ्यांना बसायला लावायचं. हे सांगायला सोपं आहे.

बाईला पुस्तक करायचं तर प्रश्न तिच्यावर थांबत नाही. आईच्या गोळ्या चालू आहेत हे कळलं की पोरीचं स्थळ मोडतं. धाडस तिचं असेल, पण किंमत सोयरीक मोजणार, आणि ज्या पोरीनं ती मोजायची तिला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून माझं मत असं की बीडमध्ये सुरुवात आजारी माणसापासून करूच नये. सांभाळणाऱ्यांपासून करावी. दहा वर्षं भावाला दवाखान्यात नेणारी बहीण. आधी देवऋषी, मग दर्गा, मग सरकारी ओपीडी अशी वाट तुडवलेला बाप. दारुड्याची बायको, जिला कुणी वेडी म्हणत नाही पण जिची झोप सहा वर्षांपूर्वी गेली. यांनाही किंमत मोजावी लागतेच, पण थोडी कमी, आणि गावाला यांचं ऐकायची सवय आहे.

आणि मग दिनदर्शिका. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं ऊसतोडीसाठी ट्रकांत बसून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, मुक्काम फडाजवळच्या कोपीत. दिवस भरला नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ज्या जिल्ह्यात 2015 च्या दुष्काळात सरकारी नोंदीनुसार तीनशेच्या आसपास शेतकऱ्यांनी जीव दिला, तिथं मनावरच्या ताणाबद्दल ज्यांच्याशी बोलायचं त्यांतली निम्मी माणसं 10 ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनानंतर थोड्याच दिवसांत गावात नसतात. ती परततात गुढीपाडव्याच्या आगेमागे. पाऊस पडला की पेरणी; म्हणजे उरतो एप्रिल, मे. त्यात लग्नसराई, त्यात पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी. कार्यक्रम ठेवायचा तर याच फटीत ठेवायचा.

समजा ठेवला, आणि पारावरचा तो पन्नाशीचा वाचक अर्धा तास बसला, उठताना म्हणाला, ‘मलाबी असंच होतंय.’ मग? 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात बहुतेक मानसिक आजारांत दहांतल्या सातांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत. फक्त लाज गेली आणि ओपीडी साठ किलोमीटरवर राहिली, तर हे पुस्तक वाचून काय उपयोग? विदर्भातला दाखला याबाबत बोलका आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. तिथं गावातलेच कार्यकर्ते घरोघर बोलत होते, समुपदेशक जवळ होता, डॉक्टर ठरलेल्या दिवशी येत होता. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांतले मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. बोलणं आणि गोळी तिथं एकाच रस्त्यानं गावात आली. बीडमध्ये माणसांच्या लायब्ररीच्या शेजारच्या टेबलावर केसपेपर काढणारा माणूस बसलेला नसेल, तर मी तरी कुणाला पुस्तक व्हायला सांगणार नाही.

केसपेपर निघाला तरी गोळ्या महिन्याभराच्या मिळतात आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. डिसेंबरात सांगलीकडच्या एखाद्या फडावर पाकीट संपतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात जायचं तर एक खाडा पडतो, आणि नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारणार. 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा फुकट क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. कोयत्यातल्या बाईनं तो लावायचा तर फोन नवऱ्याच्या खिशात, आणि कोपीला लागून दुसरी कोपी. मे महिन्याच्या त्या कार्यक्रमात निघताना प्रत्येकाच्या हातात अंबाजोगाईच्या केसपेपरची एक जास्तीची प्रत आणि गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी दिली, तर सांगलीच्या डॉक्टरला निदान पहिल्यापासून विचारावं लागणार नाही. चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं; टोळीत ती कुणाच्याही हाती लागू शकते.