झोप उडालेल्या माणसाचा हक्क

नोकरीतल्या जातीय छळाची तक्रार घेऊन तरुण माझ्या टेबलासमोर बसतात. मेमो दाखवतात, तारखा सांगतात. उठता उठता एखादा हळूच म्हणतो, "दादा, रात्र रात्र झोप नाही. घरी सांगू नका." छळाविरुद्ध नोटीस पाठवता येते, पण उडालेल्या झोपेचे काय? तज्ज्ञाला भेट म्हटले की उत्तर ठरलेले : "मी काय वेडा आहे?"

ताप आला तर डॉक्टर, खटला आला तर वकील. तसा मन खचले तर मनाचा जाणकार. यात वेडाचा संबंध येतो कुठे? मात्र खासगी तज्ज्ञाची पायरी चढताना काही गोष्टी माहीत हव्यात.

आधी पाटी वाचा. सायकियाट्रिस्ट हा वैद्यकीय डॉक्टर. तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र तुटपुंज्या शिक्षणावरही लावलेली आढळते. म्हणून शिक्षण आणि नोंदणी बेधडक विचारा. एका बैठकीची फी किती, भेट चुकली तर पैसे लागतात का, फीमध्ये सवलत आहे का, हेही आधीच विचारा. यात लाजण्यासारखे काही नाही.

बैठक साधारण पाऊण ते एक तासाची. पहिल्या दिवशी उपदेश मिळत नाही, प्रश्न येतात : झोप, भूक, काम, घर, व्यसन, जुने आजार. जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारतील. दचकू नका, तो नेहमीचा प्रश्न आहे, खरे उत्तर द्या. बाकी सगळे एकाच दिवशी सांगण्याची सक्ती नाही. माझे पक्षकारही मुख्य गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच सांगतात. जुनी जखम उघडल्याने घरी गेल्यावर मन अधिक जड होऊ शकते. तेही पुढच्या भेटीत सांगा. एका बैठकीत चमत्कार होत नाही.

बोललेले बाहेर जाईल ही भीती असते. मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गुप्ततेचे बंधन घातले आहे. कुणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. ते पहिल्याच दिवशी समजावून घ्या.

आता आपला खरा प्रश्न. याच कायद्याचे कलम १८ उपचारात जातीवरून भेदभाव नको असे सांगते. पण ते सरकारी व सरकारी निधीवर चालणाऱ्या सेवांपुरते बोलते. खासगी खोलीत तुम्हालाच जागरूक राहावे लागते. कार्यालयातला अपमान सांगितल्यावर समोरचा "हल्ली जात कुठे राहिलीय, तुम्हीच मनाला लावून घेता" म्हणाला, तर त्याने जखमेलाच भ्रम ठरवले. तिथे थांबू नका. वकील बदलता येतो, तसा तज्ज्ञही बदलता येतो. तो आपल्याच समाजाचा हवा असे नाही, ऐकणारा हवा. मात्र तुमच्या रागाबद्दल, दारूबद्दल अडचणीचे प्रश्न विचारले म्हणून पळूही नका. ते त्याचे कामच आहे.

फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालय आहे. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

शेवटी आपल्याच लोकांना एक सवाल. कार्यकर्त्याने खचायचे नाही, रडायचे नाही, हा नियम कुणी केला? मोर्चात सर्वांत पुढे असणारा घरी एकटाच छताकडे बघत बसतो, हे आपण किती दिवस पाहणार? उपचार घेणारा लढाई सोडून पळत नाही. तो पुढच्या तारखेला हजर राहतो, आणि रात्रीची झोप घेऊन आलेला असतो.